सांध्यांचे उपचार आणि त्यांची नावे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत भौतिकोपचार विभागाच्या प्रमुखांनी केलेले भाषण)



आमच्या विभागाच्या वर्षभरातील कामाचा तपशील अहवालात स्वतंत्रपणे दिलेला आहे. तो पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. त्याऐवजी आमच्या केसपेपरवर रोज लिहिल्या जाणाऱ्या दोन शब्दांविषयी मी बोलणार आहे. ते शब्द म्हणजे मोबिलायझेशन आणि मॅनिप्युलेशन. विषय वरवर पाहता भाषेचा आणि म्हणून किरकोळ वाटेल. परंतु या शब्दांखाली रुग्ण संमतीची सही करतो, आणि आपण कशाला संमती दिली हे बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसते.

प्रथम मोबिलायझेशन हा शब्द घेऊ. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सक लिहितात, ‘उद्यापासून मोबिलाइझ करा.’ त्यांचा अर्थ एवढाच असतो की, रुग्णाला खाटेवरून उठवावे, उभे करावे, चार पावले चालवावे. आमच्या विभागात मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे: सांध्याची दोन हाडे हातात धरून एकमेकांवर हळुवार सरकवणे. शिवाय स्नायूंचे मोबिलायझेशन निराळे आणि मज्जातंतूंचे निराळे. एकाच रुग्णाच्या एकाच कागदावर हा शब्द तीन अर्थांनी आलेला असतो, आणि तो कागद हातात घेऊन नातेवाईक विचारतात, ‘काल परिचारिकेने चालवले, तेच का हे?’ प्रश्न अगदी रास्त असतो.

मॅनिप्युलेशनची अवस्था याहून बिकट आहे. हा शब्द मुळात लॅटिनमधील ‘हात’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. त्यात वाईट काही नाही. पण इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला तो शेअर बाजारातील लबाडी किंवा हिशेबातील फेरफार म्हणूनच परिचित असतो. शल्यचिकित्सक त्याच शब्दाने भूल देऊन आखडलेला सांधा मोकळा करण्याची क्रिया सांगतात. ती शस्त्रक्रियागृहात होते. आम्ही त्याच शब्दाने एक अत्यंत जलद, परंतु अतिशय लहान पल्ल्याचा झटका सांगतो. तो रुग्ण पूर्ण जागा असताना, उपचाराच्या टेबलावर दिला जातो. दोन्ही क्रियांचे लाभ वेगळे आणि धोके वेगळे, नाव मात्र एक.

मुळात हा उपचार कसा चालतो, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. आपण बसल्या जागी एक प्रयोग करून पाहावा. डाव्या हाताचे मधले बोट सैल सोडा, उजव्या हाताने ते मुळाशी धरून किंचित पुढे ओढा. पेराच्या सांध्यात हलकी पोकळी पडल्यासारखे जाणवेल. आता हीच हालचाल उजव्या हाताची मदत न घेता करून पाहा. ती करता येणार नाही. बोट वाकवणे व सरळ करणे आपल्या इच्छेवर आहे. सांध्याच्या आतील हे सूक्ष्म सरकणे नाही. तरीही त्या सूक्ष्म सरकण्यावाचून मोठी हालचाल पूर्ण होत नाही.

खांद्याचेच पाहा. दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग एका उथळ खोबणीत बसतो, जणू बशीवर ठेवलेला चेंडू. हात बाजूने वर नेताना हा चेंडू वरच्या दिशेने गडगडतो. तो नुसताच गडगडत राहिला, तर वरच्या हाडाच्या छपराला जाऊन अडकेल. म्हणून गडगडता गडगडता तो खाली सरकावाही लागतो. मधुमेही रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या ‘फ्रोझन शोल्डर’ या विकारात सांध्याचे आवरण जाड व आखूड होते आणि हे सरकणे बंद पडते. मग केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे ही कामे अशक्य होतात. घरची माणसे सांगतात, ‘जोर लावून हात वर कर.’ रुग्ण जोर लावतो, वेदना वाढते, हात तेथेच राहतो. आमचा भौतिकोपचारतज्ज्ञ हात वर ओढत नाही. तो दंडाचे डोके खाली किंवा मागे सरकवतो, पुन्हा सोडतो, पुन्हा सरकवतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही विशेष घडते आहे असे वाटत नाही. ‘नुसता हात धरून बसतात’ ही तक्रार आमच्याविरुद्ध अधूनमधून येते, तिचा उगम येथे आहे.

हे सरकवणे मंद लयीत, सेकंदाला साधारण दोन-तीन आंदोलनांच्या गतीने होते, किंवा काही सेकंद एकाच जागी दाब धरून होते. रुग्ण कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हणू शकतो, आणि स्नायू ताणून ते रोखूही शकतो. हे मोबिलायझेशन. मॅनिप्युलेशनमध्ये सांधा त्याच्या उपलब्ध हालचालीच्या टोकाशी नेऊन, सेकंदाच्या लहानशा अंशात एक झटका दिला जातो. तो सुरू झाल्यावर रुग्णाला ‘थांबा’ म्हणण्यास अवधीच नसतो. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत महत्त्वाचा भेद हाच आहे, असे माझे मत आहे. एका उपचारात संमती प्रत्येक क्षणी चालू राहते. दुसऱ्यात ती आधीच, संपूर्ण, द्यावी लागते.

झटक्याबरोबर बहुधा ‘कट’ असा आवाज येतो. त्या आवाजाविषयी समाजात फार समज-गैरसमज आहेत. हाड जागेवरून सरकले होते, ते जागेवर बसले म्हणून आवाज आला, असे सर्रास मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. बोटांचे सांधे मोडताना होणाऱ्या आवाजाचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास इंग्लंडमध्ये १९४७ सालीच प्रसिद्ध झाला. सांध्याचे पृष्ठभाग एकदम विलग झाले की आतील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते, हे त्यातून दिसले. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी एमआरआयच्या चलत्चित्रात ही पोकळी निर्माण होताना प्रत्यक्ष टिपली. एकदा आवाज आल्यावर तोच सांधा काही काळ, साधारण वीस मिनिटे, पुन्हा वाजत नाही. तेव्हा आवाज आला म्हणजे गुण आला असे नाही, आणि आवाज आला नाही म्हणजे पैसे फुकट गेले असेही नाही.

शब्दांचा हा गोंधळ झाला कसा? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हाडे बसवणारे परंपरागत हाडवैद्य फार लोकप्रिय होते. १८६७ साली जेम्स पॅजेट या नामवंत शल्यचिकित्सकांनी, हे लोक कोणते रुग्ण बरे करतात आणि ते का, याकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधले. १८७१ साली व्हार्टन हूड यांनी एका हाडवैद्याकडून शिकलेली तंत्रे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १८७४ साली, अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपथीची घोषणा केली, आणि १८९५ साली डॅनिएल डेव्हिड पामर यांनी आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिक सुरू केले. कायरोप्रॅक्टिकवाल्यांनी आपल्या झटक्याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हटले. ऑस्टिओपथीत ‘अतिवेगी, अल्पपल्ल्याचा’ अशा अर्थाचे लांबलचक नाव रूढ झाले. प्रत्येक पंथाला आपला हात दुसऱ्याच्या हाताहून वेगळा असल्याचे सांगायचे होते, आणि ते सांगण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे नवा शब्द.

भौतिकोपचारातही निराळे घडले नाही. लंडनचे जेम्स सिरियॅक्स, ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड, नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न, न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन ही नावे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. मेटलंड यांच्या १९६४ सालच्या ग्रंथाच्या नावात मॅनिप्युलेशन हा शब्द आहे. परंतु त्यांची ख्याती आहे ती हळुवार आंदोलनांसाठी. त्यांनी हा शब्द व्यापक अर्थानेही वापरला आणि झटक्यासाठीही. मुलिगन यांच्या पद्धतीत तज्ज्ञ सांधा सरकवून धरतो आणि हालचाल रुग्ण स्वतः करतो, म्हणजे ‘रुग्णाने सैल पडून राहायचे’ ही जुनी व्याख्याच तेथे लागू पडत नाही.

आता एका आकड्याची गोष्ट. मेटलंड यांनी हालचालीच्या चार श्रेणी केल्या. पहिली, सुरुवातीलाच लहानसे आंदोलन. दुसरी, मोठे आंदोलन, पण अडथळा लागण्यापूर्वीपर्यंतच. तिसरी, मोठे आंदोलन अडथळ्याच्या आत टोकापर्यंत. चौथी, टोकाशी लहान आंदोलन. झटक्याला पाचवी श्रेणी म्हणण्याचा प्रघात पडला. काल्टेनबॉर्न यांच्या श्रेणी तीनच: सैल करणे, ताण घेणे, ताणणे. म्हणजे केसपेपरवर ‘ग्रेड ३’ लिहिले असेल, तर एका परंपरेत त्याचा अर्थ लयबद्ध मोठे आंदोलन, आणि दुसऱ्या परंपरेत स्थिर धरून ताणणे. त्याच केसपेपरवर स्नायूंची शक्ती शून्य ते पाच अशी मोजलेली असते. तेथे ‘ग्रेड ३’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येतो. अस्थिबंध फाटला असेल तर तेथेही ‘ग्रेड ३’, आणि तेथे त्याचा अर्थ पूर्ण फाटला. घरी कागद वाचणाऱ्या मुलाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याने ‘ग्रेड’ हा शब्द ऐकलेला असतो तो कर्करोगाच्या संदर्भात. वडिलांना काय झाले आहे हे डॉक्टर लपवत आहेत, अशी समजूत करून घेऊन रात्रभर जागलेली माणसे मी पाहिली आहेत.

अमेरिकेत या शब्दांना आणखी एक धार होती. मणक्यांवर झटक्याचा उपचार करण्याचा अधिकार कोणाचा, यावरून तेथे राज्याराज्यांत कायरोप्रॅक्टिक व भौतिकोपचार या व्यवसायांमध्ये कायद्याचे वाद झाले. तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने दोन्ही शब्द तिरप्या रेषेने जोडून एकच संज्ञा केली आणि सांगितले की, हा निरनिराळ्या वेगांचा व पल्ल्यांचा एक सलग पट आहे, झटका हे त्याचे एक टोक. व्यवसायाच्या संरक्षणासाठी ही व्याख्या सोयीची होती, शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीची नव्हती. परंतु केसपेपर वाचणाऱ्याला प्रत्यक्षात काय केले गेले, हे त्या जोडशब्दावरून कळत नाही. सोयीची संज्ञा आणि स्पष्ट संज्ञा या दोन गोष्टी नेहमी एक नसतात.

२००८ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक मॅन्युअल फिजिकल थेरपिस्ट्स या संघटनेच्या कार्यगटाने यावर एक व्यवहार्य तोडगा सुचवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तंत्राला कोणाचे नाव किंवा कितवी श्रेणी हे सांगत बसू नका, केले काय ते सहा गोष्टींत लिहा. बल किती वेगाने लावले, हालचालीच्या पल्ल्यात कोठे लावले, कोणत्या दिशेने, नेमके कोणत्या भागावर, कोणता भाग कशाच्या तुलनेत हलावा अशी अपेक्षा होती, आणि रुग्ण कोणत्या स्थितीत होता. उदाहरणार्थ: रुग्ण पालथा, कमरेच्या चौथ्या मणक्यावर, मागून पुढे, पल्ल्याच्या मध्यापासून शेवटापर्यंत, मंद लयीत, चौथा मणका पाचव्याच्या तुलनेत पुढे सरकावा म्हणून. हे वाचून नाशिकचा तज्ज्ञ असो की मेलबर्नचा, तो तेथून पुढे उपचार चालू ठेवू शकेल. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात याचे मोल अधिक आहे, कारण आपले अनेक रुग्ण दूरच्या गावाहून येतात, चार दिवस राहतात आणि पुढील उपचार तालुक्याच्या ठिकाणी घेतात. त्यांच्याबरोबर जातो तो फक्त कागद.

आपल्या परंपरेतील एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह होतो. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त. यांतील बहुतेक नावे हाड कोणत्या दिशेला गेले, हे सांगणारी आहेत. उपचाराच्या क्रियाही स्वतंत्र नावांनी येतात: आञ्छन म्हणजे ओढणे, पीडन म्हणजे दाबणे, संक्षेप म्हणजे जवळ आणणे, आणि मग बंधन. हे प्रकरण मोडलेल्या हाडांचे व निखळलेल्या सांध्यांचे आहे. आजचे मोबिलायझेशन सुश्रुतांना ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही, आणि कोणी केल्यास मान्यही करणार नाही. मात्र क्रियेचे नाव क्रियेवरूनच असावे, करणाऱ्याच्या नावावरून नव्हे, ही दृष्टी तेथे स्पष्ट दिसते.

आता आपल्या गावाकडे येऊ. केशकर्तनालयात केस कापून झाल्यावर डोके दोन्ही हातांनी धरून कडकन मान मोडून देण्याची पद्धत अनेकांना सुखाची वाटते. गावोगावी हाडवैद्य आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या हाताला खरोखरच जाण असते, आणि त्यांची सरसकट टवाळी करणे मला पसंत नाही. आधुनिक अस्थिशल्यशास्त्रातील एक थोर नाव, ह्यू ओवेन थॉमस, हे वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातूनच आले होते. परंतु मान मोडणे हा आमच्या भाषेत झटक्याचाच उपचार आहे, आणि तोही कोणत्याही तपासणीवाचून. मेंदूच्या मागील भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. मानेला अचानक पीळ बसल्यास क्वचित त्यांच्या आतील अस्तराला चीर पडते, तेथे रक्ताची गाठ होते आणि पक्षाघात होऊ शकतो. ही घटना दुर्मीळ आहे. पण घडते तेव्हा तरुण माणसाच्या बाबतीतही घडते. म्हणून मानेवर हाताने उपचार करण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी आमच्या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली आणि २०२० साली ती सुधारली.

याशिवाय आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आहे. पाठदुखी, बारीक ताप आणि वजन घटणे या तक्रारी घेऊन येणाऱ्याच्या पाठीला झटका देणे म्हणजे पोखरलेल्या भिंतीवर घण घालणे होय. ठिसूळ झालेली हाडे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, रक्त पातळ ठेवण्याची औषधे, मानेपर्यंत पोहोचलेला संधिवात, कर्करोगाचा इतिहास, ही सारी कारणे झटका न देण्याची आहेत. आम्ही रुग्णाला विचारतो, ‘पूर्वी मॅनिप्युलेशन केले होते का?’ उत्तर येते, ‘नाही.’ मग विचारतो, ‘मान मोडून घेतली होती का? कोणाकडून पाठ चोळून, झटका देऊन घेतली होती का?’ उत्तर येते, ‘हो, परवाच.’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोटे नव्हते. आमचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

या सर्व विचाराअंती विभागाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. केसपेपरवरील नोंद सहा मुद्द्यांत, श्रेणीचा आकडा लिहायचाच झाल्यास तो कोणाच्या पद्धतीचा हे सोबत नोंदवून. आणि रुग्णासाठी संमतीपत्र मराठीत.

मराठी शब्द ठरवताना आमची बरीच चर्चा झाली. ‘संधिचालन’, ‘संधिहस्तोपचार’ असे भारदस्त पर्याय पुढे आले. परिभाषाकोशात ते शोभतील, आणि शिक्षणासाठी अशा संज्ञा हव्यातच. पण एका आजीबाईंना ते वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही काय करणार ते सांगा की!’ त्यांच्या या सूचनेपुढे आमचे सर्व पर्याय फिके पडले. म्हणून संमतीपत्रात आता नाव नाही, वाक्य आहे. पहिल्या प्रकारासाठी: ‘तुमचा सांधा हातात धरून हळूहळू, थोडा थोडा हलवला जाईल. दुखले तर थांबा म्हणा, लगेच थांबवू.’ दुसऱ्या प्रकारासाठी वेगळा कागद आणि वेगळी सही: ‘सांध्याला एकच लहान, जलद झटका दिला जाईल. कट असा आवाज येईल किंवा येणार नाही. झटका सुरू झाल्यावर मध्येच थांबवता येत नाही, म्हणून नको असेल तर आधीच सांगा. नको म्हटल्यास दुसरे उपचार आहेत.’ त्याखाली धोक्यांची माहिती आहे आणि तिची भाषाही हीच आहे. भूल देऊन करावयाच्या क्रियेचे संमतीपत्र शल्यविभागाचे आहे. त्यातही मॅनिप्युलेशन या शब्दाशेजारी असेच वाक्य घालण्याची विनंती आम्ही केली आहे.

आश्रयदात्यांना उद्देशून एक निवेदन करते. या उपचाराला यंत्र लागत नाही, आणि त्यामुळे देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्यास आमच्याकडे जागाही कमी असते. आम्हांला लागतो तो शिकलेला हात आणि समजावून सांगण्यास पुरेसा वेळ. वरील दोन वाक्ये वाचून दाखवणे, रुग्णाचे प्रश्न ऐकणे, त्याने काय समजून घेतले ते त्याच्याच तोंडून वदवून घेणे यास प्रत्येक नव्या रुग्णामागे पंधरा मिनिटे जातात. सकाळच्या गर्दीत ती पंधरा मिनिटे काढायची, तर एक भौतिकोपचारतज्ज्ञ अधिक हवा. यंत्रखरेदीच्या प्रस्तावांबरोबर या एका पदाच्या वेतनाचाही विचार विश्वस्त मंडळाने करावा, असा लेखी प्रस्ताव मी अध्यक्ष महोदयांकडे दिला आहे.

संमतीपत्राचा मसुदा सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी जाताना तो अवश्य वाचावा आणि जे वाक्य कळले नाही त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून कागद तेथेच ठेवावा. छपाई पुढील महिन्यात आहे.